पान कुठलं?

बाबा आणि मी एकाच बाकावर बसतो हे आईंना पहिले काही दिवस खरंच वाटेना. "सासरा आणि सून एका वर्गात! निदान डबे तरी वेगवेगळे न्या, नाहीतर मधल्या सुट्टीत भांडाल," माझ्या लेकीला कडेवर घेऊन त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या. लेक माझ्याकडे झेपावायची. मी बुटांच्या नाड्या उगीचच पुन्हा सोडून बांधायची. आणि बाबा जिन्यातून ओरडायचे, "चल गं, घंटा होईल!"

वर्ग म्हणजे विमान दुरुस्तीच्या हँगरला लागून असलेली एक लांबट खोली. कंपनीत नव्या जातीची दोन विमानं दाखल झाली होती. जुन्या विमानांवर हात बसलेल्या प्रत्येकाला, मग तो कितीही मुरलेला असो, नव्याचं शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागणार होती. पास झालं तर नव्या विमानावर सही करायचा अधिकार. सही म्हणजे हे काम नीट झालंय, विमान उडायला हरकत नाही, असं स्वतःच्या नावानिशी सांगणं. ती नसेल तर विमान जागचं हलत नाही. बाबांची सही माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलेली. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन हँगरमध्ये लागले, मग बाळंतपणाची रजा झाली, आणि रजेवरून आले ती थेट या बाकावर.

जुनी विमानं हळूहळू काढून टाकणार होते. ज्याला नव्यावर सही मिळणार नाही त्याची रवानगी सामानाच्या खोलीत, असं सगळे बोलत होते. तिथं जाळीमागं बसायचं, खिडकीतून नट-बोल्टच्या पिशव्या द्यायच्या. बाबा त्या खिडकीसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे.

हँगरमध्ये त्यांना सगळे 'तोंडपाठ काका' म्हणत. कुठला नट किती जोरानं आवळायचा, कुठल्या नळीत किती दाब, तेल कुठपर्यंत भरायचं, विचारायचा अवकाश, उत्तर हजर. विमानाच्या प्रत्येक कामाचं एक मॅन्युअल असतं, पायरीपायरीनं लिहिलेलं. ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. त्यातलं ताजं पान छापून घ्यायचं आणि ते समोर ठेवून काम करायचं, असा नियम. पण ऑफिस हँगरच्या त्या टोकाला, प्रिंटर आजारी, आणि काका हाकेच्या अंतरावर. मग कोण जातंय?

आम्हाला शिकवायला होत्या त्या मॅडम स्वतः पूर्वी मेकॅनिक होत्या. उजवं मनगट पूर्ण वळत नसे, त्यामुळे फळ्यावरचं अक्षर उतरत्या ओळीत जायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी ब्रेकमधल्या तेलाबद्दल काहीतरी विचारलं. बाबांनी हातसुद्धा वर केला नाही, बसल्या जागेवरून उत्तर फेकलं.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "पान कुठलं?"

"पान?"

"कुठल्या पानावर बघून सांगितलंत?"

"अहो, पान कशाला? उत्तर बरोबर आहे ना?"

"उत्तर आज बरोबर आहे. शून्य मार्क."

वर्ग खो-खो हसला. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उत्तर अचूक, मार्क शून्य. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काका, एवढे भोपळे घेऊन कुठे चाललात?" त्या दिवशी घरी जाताना बाबा बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिले. एरवी बस सुरू व्हायच्या आत त्यांचा कुणावर तरी विनोद सुरू झालेला असायचा.

मॅडमचा हट्ट मला पटत होता. लेक झाल्यापासून मीही अशीच झाले होते. दुधाचं पाणी उकळलं हे ठाऊक असूनही पुन्हा उकळायचं, खिडकीची कडी लावून परत जाऊन हात लावून बघायचा. नवरा फिरतीच्या नोकरीवर, तो फोनवरून हसायचा. पण बाबांची बाजूही दिसत होती. ज्या माणसाला सगळं येतं त्याला रोज भर वर्गात 'कशावरून येतं?' असं विचारलं, तर त्यानं जायचं कुठे?

त्या दिवशी सकाळपासून माझा जीव घरात अडकला होता. लेकीला दात येत होते, अंग कोमट लागत होतं. सुट्टीत मी चहाच्या यंत्राशेजारी उभी राहून आईंना फोन लावला.

"खेळतेय गं. तू काय दर तासाला हजेरी घेणारेस का माझी?"

"ताप मोजलात?"

"मोजला. नाही. ठेव आता, ती तुझा आवाज ऐकून रडेल."

शेजारी बाबा एका हातात चहाचा कागदी कप धरून त्यांच्या फोनवर बोलत होते. पलीकडचा आवाज चष्मिसचा होता, आमच्याच पाळीतला मेकॅनिक. पहिल्या तुकडीत पास होऊन तो आठवड्यापूर्वीच कामावर परतला होता. त्याचा आवाज इतका मोठा की अर्धं मला ऐकू येत होतं.

"काका, चाक बदलतोय. दुसऱ्यांदा आवळायचं ते किती हो?"

विमानाचं चाक बसवताना मधला मोठा नट दोनदा आवळतात. आधी जोरानं, मग पूर्ण सैल करतात, मग पुन्हा ठरलेल्या बेतानं. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. कमी पडला तर चाक डुगडुगतं, जास्त झाला तर आतले बेअरिंग घासून तापतात.

"दोनशे," बाबा म्हणाले. चहाचा घोट घेऊन पुढे म्हणाले, "आणि आवळताना चाक फिरवत राहायचं, विसरू नकोस. नुसता रेंच दाबत बसशील."

"दोनशे ना? नक्की?"

"अरे, मला विचारतोस नक्की?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. बाबांनी फोन खिशात टाकला. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैलावला होता. कुणीतरी त्यांना नुसतं उत्तर विचारलं होतं, पान नाही. "चल," ते मला म्हणाले, "तुझ्या मॅडमकडून आजचा भोपळा घेऊन येऊ."

सुट्टीनंतर मॅडमनी फळ्यावर लिहिलं, चाक बदलणे. प्रत्येकाच्या समोर नव्या विमानाच्या मॅन्युअलमधली पानं होती. "मोठ्यानं वाचायचं," त्या म्हणाल्या. "ज्या ओळीवर आहात तिथं बोट ठेवायचं. लाज वाटत असेल तर वाटू द्या."

बाबांनी नाक मुरडलं, पण बोट ठेवलं. सगळे एका सुरात वाचू लागले, लहानपणी पाढे म्हणायचो तसे. नट आवळा. चाक फिरवत राहा. नट पूर्ण सैल करा. पुन्हा आवळा, दीडशेपर्यंत.

माझ्या शेजारचा आवाज थांबला.

मी बघितलं. बाबांचं बोट त्या ओळीवर होतं. नखाखालचं काळं तेल कधीच निघत नाही त्यांचं, ते बोट दीडशेच्या आकड्यावर दाबलेलं होतं, आणि ओठ किंचित उघडे. वर्ग पुढच्या ओळीवर गेला होता.

"जुन्या विमानाचं दोनशे आहे," मॅडम सांगत होत्या. "याचे बेअरिंग वेगळे. म्हणून हा आकडा वेगळा. ज्यांच्या हातांना जुनी सवय आहे त्यांनी इथं खूण करून ठेवा."

मी हळूच म्हणाले, "बाबा, त्यानं कुठलं विमान ते सांगितलं होतं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"तुम्ही विचारलं?"

"जुनंच असेल." ते पुटपुटले. "नवी दोनच तर आहेत."

"पण चष्मिस नवं शिकून आलाय. नव्यावरच लावतील ना त्याला?"

बाबा उठले. मॅडमना हातानंच 'येतो' अशी खूण केली आणि बाहेर गेले. मीही मागोमाग गेले. आम्ही दोघं एकदम उठलेले बघून मागून कुणीतरी म्हणालं, "काका, सुनेकडून कॉपी करता का?" नेहमी अशा वाक्याला बाबा दारातून परतफेड करत. ते तसेच चालत राहिले.

बोळात येऊन त्यांनी चष्मिसला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजतच राहिला. विमानाखाली काम करताना फोन कपाटात ठेवायचा हाही नियमच. हा मात्र तो नेमका आत्ता पाळत होता.

"धावत जाऊ का मी?" मी विचारलं.

"विमानं सुटतात ती जागा धावपट्टीच्या त्या बाजूला आहे. गाडीशिवाय सोडणार नाहीत." त्यांनी भिंतीला हात टेकला. "कंट्रोलला फोन करावा लागेल."

कंट्रोल म्हणजे कुठलं विमान कुठे उभं आहे, कुणी काय काम केलं, कधी सुटणार, हे सगळं बघणारी खोली. तिथं फोन केला की विमान थांबतं. आणि का थांबलं, कुणामुळे थांबलं, ते सगळीकडे कळतं.

"जुनं निघालं तर?" बाबा म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "भरलेलं विमान थांबवायचं, लोकांना खोळंबून ठेवायचं, आणि निघायचं जुनं. तोंडपाठ काकांना भ्रम झाला म्हणतील. आणि नवं निघालं तर..." ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. या आठवड्याच्या शेवटी मॅडम कुणाला परीक्षेला बसवायचं ते ठरवणार होत्या. दोन्हीकडून तेच होतं. जाळीमागची खुर्ची.

विमान सुटायला किती वेळ आहे, तेही आम्हाला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मी करते फोन. माझा आवाज ओळखत नाहीत ते. नुसतं म्हणते, आकडा तपासा."

"नको."

"अहो, पण वेळ..."

"सांगितलं मी. खोडायचंही मीच." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नंबर डोळ्यांजवळ धरून लावला. फोन दोन्ही हातांनी धरला. "हॅलो. मी बोलतोय. हो, तोंडपाठ. ऐक, विनोद नंतर कर. आत्ता चाक बदललंय ते विमान कुठलं? ... नवं की जुनं ते सांग."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. बाबांनी डोळे मिटले.

"थांबव ते. ... बसलेत तर उतरव. ... कारण मी आकडा चुकीचा सांगितलाय. मी. ... हो, लिहून घे, माझंच नाव लिही. दोनशे सांगितलं, दीडशे हवं होतं. ... नाही, त्याला काही बोलू नकोस, मी येतोय."

फोन ठेवून ते खाली बसले, बोळातच, भिंतीला पाठ लावून, बूट पुढे पसरून. हँगरमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस असा खाली बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मी पाण्याची बाटली उघडून दिली.

मॅडम दारात उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. बाबा उठायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं आणि स्वतःच समोर उकिडव्या बसल्या.

"सुटलं नव्हतं ना?"

"जिना काढत होते."

मॅडमनी एक लांब श्वास सोडला. मग म्हणाल्या, "चौकशी होईपर्यंत तुमची सही बंद. जुन्या विमानांवरचीसुद्धा."

"माहीत आहे."

"आणि त्याचीही."

"त्याची कशाला?" बाबा एकदम ताठ झाले. "पोरगं चांगलं आहे. मी सांगितलं म्हणून केलं त्यानं."

"म्हणूनच. त्याला माझ्याच वर्गात दीडशे शिकवलंय. या खोलीत बसून त्यानं ते मोठ्यानं वाचलंय." त्यांचा आवाज कडक होता, पण त्या बाबांवर ओरडत नव्हत्या. स्वतःशीच काहीतरी तपासत असल्यासारख्या बोलत होत्या. "माझ्या वर्गातून बाहेर पडून पंधरवडासुद्धा झाला नाही, आणि त्यानं पान सोडून फोन उचलला. ते माझ्याकडेही येतं, काका."

मग बाबांनी विचारलं, "मी जाऊ का तिथं? सही नाही करत. हात पण नाही लावत. पान वाचतो फक्त."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "पान वाचायला सही लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच्या मेजावरचं पान आणून दिलं. "ही येऊ दे बरोबर. चाक फिरवायला कुणीतरी लागेल."

आम्ही गाडीनं पोचलो तेव्हा प्रवासी उतरवून बसमध्ये बसवले होते. बसच्या काचांमागून चेहरे आमच्याकडे बघत होते. दाराशी एक माणूस कुणाला तरी फोनवर सांगत होता, "काय माहीत! आधी बघत नाहीत का ही माणसं?" चष्मिस चाकाशेजारी उभा होता. विमान पुन्हा जॅकवर चढवलं होतं, चाक जमिनीपासून हातभर वर.

"काका," तो म्हणाला, आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. "मला दीडशेच वाटत होतं. शपथ. मनात आलं होतं, दीडशे. पण तुम्ही दोनशे म्हणालात, म्हणून म्हटलं, आपलंच चुकत असेल."

बाबांना हे बोलणं इतर कशाहीपेक्षा जास्त लागलं असावं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग म्हणाले, "आधी फिरवून बघू दे हिला."

मी चाकाला हात लावून फिरवलं. फिरलं, पण जड, दाटून बसल्यासारखं, आणि हात काढताच थांबलं. उडालं असतं तर कुठे, कधी तापलं असतं, उतरताना काय झालं असतं, की काहीच झालं नसतं, हे आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं. पण तिथं उभी असलेली सगळी त्या थांबलेल्या चाकाकडे बघत राहिली.

दुसरा एक सही असलेला मेकॅनिक तपासायला आला होता. बाबांनी पान उघडलं, चष्मा नाकावर घेतला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. वारा पान उलटवत होता म्हणून मी एका हातानं कोपरा धरला.

"नट धरून ठेवणारी कुलूपपट्टी काढा."

"काढली."

"नट सैल करा. पूर्ण."

"केला."

"काका, पुढचं पाठ आहे आपल्याला," तपासणारा हलक्या आवाजात म्हणाला. चिडवायला नाही, वातावरण सैल करायला.

"मला पण होतं," बाबा म्हणाले, आणि पुढची ओळ वाचली.

पहिलं आवळणं झालं. सैल करणं झालं. मी चाक फिरवत होते, चष्मिस रेंच ओढत होता. दुसऱ्या आकड्याशी आल्यावर बाबांनी ओळ एकदा वाचली, मग पान तपासणाऱ्यापुढे धरलं, त्यानं वाचली, मग चष्मिसपुढे धरलं. आकडा गाठताच रेंच कट्ट वाजला. मी हात काढला तरी चाक आपोआप फिरत राहिलं, सावकाश, आणि मग थांबलं.

बसचं दार उघडलं. लोक पुन्हा जिन्याकडे यायला लागले, कपाळाला आठ्या, हातात पिशव्या. रांगेच्या शेवटी एक बाई होती, खांद्यावर झोपलेलं मूल, माझ्या लेकीएवढंच असेल. ती रांग सोडून आमच्याकडे आली. शेजारचा कर्मचारी तिला थांबवायला लागला, पण ती थांबली नाही.

"काय झालं होतं?" तिनं विचारलं. तिनं माझ्याकडे बघून विचारलं होतं. तपासणी चालू होती, किरकोळ काम होतं, अशी प्रवाशांना सांगायची वाक्यं असतात. ती माझ्या तोंडात तयार होती.

"माझी चूक झाली होती," बाबा म्हणाले. "नट जास्त आवळायला सांगितला मी. आठवणीतून सांगितला. आता उघडून, बघून, नीट केलाय."

बाईनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या पांढऱ्या मिश्या, तेलकट हात, हातातलं चुरगळलेलं पान.

"तुमची चूक? आणि तुम्हीच थांबवलंत?"

"हो."

"आता नक्की नीट आहे?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं. मग पान तिच्यापुढे धरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. एवढं हवं. एवढंच केलंय. आम्ही तिघांनी बघितलंय."

तिला त्या ओळीतलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. तरी तिनं वाकून वाचलं, पूर्ण, ओठ हलवत. मग मुलाचं डोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं, रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली, आणि जिना चढायला लागली.